तीन आत, तीन बाहेर

समुद्राकडे बघत बसणं हीसुद्धा नोकरी असू शकते, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं. त्याआधी मी एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. विद्यार्थी घटत गेले, विभाग बंद झाला, आणि उरलेल्या बेडकांच्या बरण्यांबरोबर मीही मोडीत निघालो. मग कुणीतरी सांगितलं, किनाऱ्यापासून आत, खोल पाण्यात पवनचक्क्या उभारायच्या आहेत, त्याआधी चाचणीचे खांब ठोकणार आहेत, आणि ठोकताना आसपास डॉल्फिन वगैरे नाहीत ना हे बघायला माणूस हवा आहे. प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, चक्क पास झालो.

घरी येऊन सांगितलं. बायको तंजावरकडच्या मराठी घराण्यातली. तिच्या माहेरी अजून बखरीतलं वाटावं असं मराठी बोलतात, अधूनमधून तमिळची फोडणी देऊन. तिनं शांतपणे विचारलं, "नुसतें बघत बसायचें? बोलायचें नाहीं?"

"पहारा असताना नाही बोलायचं."

"मग तुमच्यानं होणार नाहीं, पा," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

मला राग आला, कारण ती बरोबर होती. मी बोलका माणूस आहे. त्यातही स्वतःच्या फजित्या सांगायला लागलो की मला आवरत नाही. दुसरी मोठी कर्तबगारी नसली की माणूस फजित्यांचाच संसार थाटतो.

काम असं होतं. पाण्यात एक मोठा बार्ज, म्हणजे सपाट पाठीचं जहाज, नांगरून ठेवलेलं. त्यावर क्रेन, आणि क्रेनला हातोडा. हातोडा म्हणजे आपल्या बिऱ्हाडाएवढं धूड. तो लोखंडी खांबाच्या डोक्यावर आदळला की पाण्याखाली जो आवाज होतो तो आपल्याला वरून निम्माही कळत नाही. डॉल्फिनला मात्र कानच सगळं असतात. आपल्याकडच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तो किती? रस्ता, मासळी, आई, सगळं आवाजानं शोधायचं.

म्हणून बार्जसकट खांबाभोवती समुद्रतळावर भोकं पाडलेल्या नळीचं एक मोठं कडं टाकलेलं असे. हातोडा सुरू करण्याआधी नळीत हवा सोडली की बुडबुड्यांची भिंत उभी राही आणि आवाज त्या भिंतीत बराचसा अडके. बाहेरच्यांसाठी छान. पण आत कुणी राहिलं तर ते हातोड्याबरोबर कोंडलं जाणार. बुडबुड्यांतून पलीकडे जायला ही जनावरं बिचकतात. तेव्हा आत किती आले ते मोजायचं, बाहेर किती गेले ते मोजायचं, शेवटचा बाहेर गेल्यावर अर्धा तास पुन्हा डोळ्यांत तेल घालून बघायचं, त्या अर्ध्या तासात बार्जला तीन फेऱ्या मारायच्या, आणि मगच वॉकीटॉकीवर म्हणायचं, "क्लियर." मी म्हटल्याशिवाय हातोडा हलत नसे. एवढा अधिकार मला घरात कधीच मिळाला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात मी तो वापरला. लांबवर काळी, ओली, गोल पाठ दिसली. वर येत होती, खाली जात होती. मी असा ओरडलो की क्रेनवाल्याच्या हातातला चहा सांडला. काम बंद. सगळे कठड्याशी. पाठ जवळ आली. लॉरीच्या टायरची ट्यूब, आणि तीत बसून गळ टाकणारे एक आजोबा; त्यांची होडी मागे लांब उभी होती. त्यांनी आमच्याकडे बघून हात जोडले. एवढं मोठं जहाज आपल्यासाठी थांबलं याचं त्यांना फार कौतुक वाटलं असावं.

त्यानंतर मी पहाऱ्याच्या जागेच्या दारावर लावायला एक पाटी केली : पहारा चालू असताना निरीक्षकाशी बोलू नये. तमिळमध्ये लिहिली, इंग्रजीत लिहिली. मराठीत लिहायची गरज वाटली नाही.

माझ्या जोडीला चेन्नईच्या काशीमेडू बंदरातले एक म्हातारे मच्छीमार होते. आमच्या कामात कुणाची जाळी अडकू नयेत म्हणून त्यांना ठेवलेलं. मी त्यांना अण्णा म्हणे, ते मला सार म्हणत. दुर्बीण त्यांनी एकदा डोळ्याला लावून पाहिली आणि नको म्हणून परत दिली. मला दुर्बिणीतून फेस दिसायचा तिथं त्यांना उघड्या डोळ्यांनी ओंगल दिसायचे. ओंगल म्हणजे डॉल्फिन.

तीन ओंगल रोज सकाळी यायचे. एक मोठी मादी, पाठीवरच्या पराची कड फाटलेली. तिच्याबरोबर आणखी एक मोठा. आणि मादीच्या कुशीला चिकटून एक पिल्लू, राखाडी, गुळगुळीत, अजून नीट श्वास घेता न येणारं. आई अलगद पाण्याबाहेर यायची. हे मात्र अख्खं तोंड बाहेर काढून धपकन पडायचं. अण्णा त्याला हसायचे. "कुट्टी अजून शिकतंय," म्हणायचे. कुट्टी म्हणजे पिल्लू. माझं काम त्यांना हाकलणं नव्हतं, फक्त त्यांची वाट बघणं होतं. ते आत आले की काम थांबे, ते गेले की सुरू होई. त्या पिल्लामुळे आमचं वेळापत्रक रोज कोलमडे, आणि मला त्याचा मनातून आनंद होई.

मग हातोड्यावर नवा प्रमुख आला. देवगडचा.

चेन्नईत मराठी माणूस भेटणं तसं नवं नाही. पण चेन्नईपासून दीड तास आत, पाण्यावर, आठवडेच्या आठवडे मराठीचा शब्द कानावर न पडलेला असताना कुणी मागून येऊन "काय हो, तुम्ही आमच्यातलेच ना?" म्हणालं, तर काय होतं हे ज्याच्या बाबतीत घडलंय त्यालाच कळेल. मी जो बोलायला लागलो तो थांबलोच नाही.

एका सकाळी त्यानं घरून आणलेला पोह्यांचा चिवडा पुढे केला. मी पहाऱ्यावर होतो. तीन ओंगल आत होते, मी वहीत लिहिलेलं होतं : आत तीन.

"आमच्या देवगडाक हेका गादो म्हणतत," तो ओंगलांकडे बोट दाखवून म्हणाला.

"पाटी वाचली का?" मी विचारलं.

"वाचली की. मराठीत खंय आसा?"

आम्ही दोघं हसलो. तिथंच सगळं संपलं होतं, पण मला तेव्हा कळलं नाही.

ते तिघं उत्तरेकडे सरकत होते. मी दुर्बिणीतून बघत बघतच त्याला ट्यूबमधल्या आजोबांची गोष्ट सांगायला घेतली. ती गोष्ट मी बरी सांगतो. आजोबा हात जोडतात तिथं नक्कल केल्याशिवाय मजा येत नाही, आणि नक्कल करायला दोन्ही हात लागतात. मी दुर्बीण गळ्यात सोडली. हात जोडले, तोंड वेडावलं. तो पोट धरून हसला. मी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. कड्याची हद्द दाखवणाऱ्या नारिंगी बोयांच्या पलीकडे एक पर. दुसरा पर. मग थोड्या वेळानं आणखी एक पर.

मी लिहिलं : बाहेर तीन.

पलीकडच्या बाजूनं अण्णांनी विचारलं, "सार, कुट्टी पोयिडुच्चा?" पिल्लू गेलं का?

"पोयिडुच्चु, अण्णा," मी म्हणालो. गेलं.

तिसरा पर पिल्लाचा नव्हता. आईच दुसऱ्यांदा वर आली होती. तिच्या पराची फाटकी कड मला महिनाभर पाठ होती. मी ती बघितली असती, बघत असतो तर. पिल्लाला तिनं बार्जच्या सावलीत, मागच्या अंगाला सोडलं होतं, जिथं लहान मासळी जमते. असं ती आधीही करायची. थोडं चरून यायची आणि घेऊन जायची. अर्ध्या तासातल्या तीन फेऱ्यांपैकी मी एकच मारली, तीही देवगडकराबरोबर, त्याच्या मेहुण्याच्या लग्नाची हकिकत ऐकत. मागच्या टोकाशी पोचलो तेव्हा हकिकत रंगात आली होती आणि माझी पाठ पाण्याकडे होती.

"क्लियर," मी म्हणालो.

हवा सुटली, बुडबुडे वर आले. हातोडा आधी हळू वाजवतात, दारावर टकटक करावी तसा, म्हणजे जवळपास कुणी असेल तर निघून जाईल. जाईल, बाहेर असेल तर. मी चिवड्याची पुरचुंडी दुमडत होतो, तेवढ्यात अण्णा धावत आले. म्हातारा माणूस, मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं. बोट दाखवत होते. बुडबुड्यांच्या भिंतीच्या बाहेर ती आई होती. भिंतीला लगटून फिरत होती, परत फिरत होती, पुन्हा लगटत होती.

"बंद कर! बंद कर रे!" मी वॉकीटॉकीवर मराठीतच ओरडलो. देवगडकरानं हातोडा तत्काळ बंद केला. मधल्या वेळात किती ठोके पडले ते यंत्रात नोंदलेलं आहे. मी ते कधी विचारलं नाही.

हवा बंद झाली. पाणी निवळायच्या आधीच आई आत शिरली. पिल्लू बार्जच्या कडेशी वर आलं, नाक लोखंडावर आपटलं, बाजूला झालं आणि सरळ पोहत सुटलं. ती आडवी गेली. ते तिच्या अंगावर धडकलं तेव्हाच त्याला ती असल्याचं कळलं. ती बाजूला झाली की ते पुन्हा सरळ. ती हाका मारत असणार. पाण्याखाली टाकलेल्या आमच्या माइकवर त्या ऐकू येत होत्या, एकामागून एक, शिटीसारख्या. पिल्लाची एकही नव्हती. प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिल्लाला डोक्यावर तोलून पाण्याच्या वर धरून होती. घसरलं की खाली जायची, पुन्हा उचलायची. आता ते धपकन पडत नव्हतं.

देवगडकर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. वाईट माणूस नव्हता तो. "बाहेर गेलं आणि मग परत आत आलं, असं लिहा," तो हळूच म्हणाला. "तसं होऊ शकतं ना? कोण सांगणार नाही म्हणून?"

होऊ शकतं. मी वही उघडली आणि "पिल्लू पुन्हा" इथपर्यंत लिहिलंही. आयुष्यभर आपल्या चुका हौसेनं सांगत आलेला माणूस, आणि एक खरीखुरी चूक सांगायची वेळ आली तर हात असा वळला. मग ते खोडलं आणि झालं तसं लिहिलं. चिवड्यासकट. किनाऱ्यावरच्या ऑफिसातून निरोप आला, नवा माणूस पाठवतोय, तो येईपर्यंत पहारा तुम्हीच करा.

अण्णांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. मीच म्हणालो, "अण्णा, मी बघत नव्हतो."

"मीही नव्हतो, सार," ते म्हणाले. "तुम्ही गोष्ट सांगत होता ना. मला भाषा कळत नव्हती, पण तुमचे हात बघत होतो. मला फार हसू येत होतं."

यापेक्षा त्यांनी शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मी एका माणसाला हसवत होतो असं मला वाटत होतं. ज्याला फेसातला पर दिसतो त्या माणसाची नजरही मी पाण्यावरून उचलली होती.

ती आत होती तोवर नियमानं हातोडा बंद होता. तो दिवस गेला, पुढचा अर्धा गेला. क्रेनवाले कठड्याशी येत, बघत आणि आत जात. कुणी कुरकुर केली नाही. मी दर अर्ध्या तासाला नोंद करत होतो. किती जनावरं, असा रकाना असतो. मेलेलं त्यात धरायचं की नाही हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. मी दोन लिहीत राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पिल्लू घसरलं आणि ती खाली गेली. वर आली तेव्हा डोक्यावर काही नव्हतं. पुन्हा गेली. पुन्हा रिकामी आली. बराच वेळ त्याच जागेवर फिरत राहिली. मग दुसरा मोठा, जो हे दोन्ही दिवस बोयांच्या बाहेर थांबून होता, त्याच्याकडे निघाली. फाटकी कड मला अगदी स्वच्छ दिसली. मी लिहिलं : बाहेर एक.

नंतरचा अर्धा तास मी कुणाशी बोललो नाही, माझ्याशीही कुणी बोललं नाही. तीन फेऱ्या मारल्या. मागच्या टोकाशी वाकून सावलीत बघितलं. तिथं लहान मासळी जमली होती.

वेळ झाली. वॉकीटॉकीवर देवगडकरानं विचारलं, "सर?" आतापर्यंत तो मला सर म्हणाला नव्हता. मी पुन्हा एकदा सगळीकडे बघितलं. बघण्यासारखं काही उरलं असतं तर मी आणखी अर्धा तास मागितला असता, आणि त्यांनी दिलाही असता. पण वर्तुळ खरोखरच रिकामं होतं, आणि ते तसं सांगणं एवढंच माझं काम होतं.

"क्लियर," मी म्हणालो.