मास्तरांच्या घरात प्रॉक्सी

तिला सगळे वायरताई म्हणतात. हार्डवेअरच्या एका घाऊक दुकानात ती कॉम्प्युटर सांभाळते, पण खरं पाहता साऱ्या गोतावळ्याचे कॉम्प्युटर तिच्याच गळ्यात आहेत. एक वेळ तिच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण नेटवर्कची वायर असतेच. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली, तरी चहा येईपर्यंत तिने त्यांचा राउटर उलटा करून पाहिलेला असतो. "माझ्या हाताला यश आहे," असं ती स्वतःच सांगते. स्वतःचा डंका पिटणारी माणसं मला एरवी सहन होत नाहीत. पण हिने हात लावलेलं यंत्र चालू होतंच, मग बोलणार काय?

तर या वायरताईची धाकटी बहीण आईवडिलांकडे दुसऱ्या गावात राहते. धाकटीला फिट येतात. एका गोळीने ते दुखणं कित्येक वर्षं आटोक्यात होतं, आणि यंदा तीच गोळी बाजारातून गायब झाली. दुसऱ्या कंपनीची चालणार नाही आणि खंड तर पडताच कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घरात थोड्याच पट्ट्या उरल्या होत्या.

औषधांच्या दुकानांची एक मोठी साखळी आहे. कोणत्या शाखेत कोणती गोळी शिल्लक आहे, हे त्यांच्या वेबसाइटवर दिसतं. वायरताईने बसल्या बैठकीला एक प्रोग्रॅम लिहिला. त्याने सारखं त्या साइटवर जायचं, गोळी आली का बघायचं, आली की फोन वाजवायचा. इथवर ठीक होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! तिने त्याला दर मिनिटाला विचारायला बसवलं. साइटने दोन दिवस सोसलं आणि मग तिच्या घरच्या इंटरनेटला दारच बंद केलं. शिवाय तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. विचारणारा कुठल्या भागातला आहे ते ओळखून ती साइट फक्त जवळपासच्या शाखा दाखवायची. म्हणजे आईवडिलांच्या गावातली दुकानं तिला इथून कधी दिसणारच नव्हती.

यावर उपाय असतो. आपला प्रश्न आपल्या दारातून न पाठवता दुसऱ्याच्या दारातून पाठवायचा, दर वेळी वेगळ्या. याला फिरती प्रॉक्सी म्हणतात आणि ती भाड्यानेही मिळते. पण भाड्याची दारं कुणाच्या घरातली, आणि त्या घरच्यांना विचारलंय की नाही, देव जाणे. वायरताईला ते पटेना. "एवढे नातेवाईक आहेत मला," ती नवऱ्याला म्हणाली, "कधी उपयोगी पडणार?"

तिने साबणाच्या डबीएवढे छोटे कॉम्प्युटर आणले आणि एकेक करून मामाकडे, मावशीकडे, आत्याकडे राउटरला जोडून दिले. घरच्या जुन्या लॅपटॉपपासून प्रत्येक डबीपर्यंत एक बंदिस्त वाट बांधली. लॅपटॉपने प्रश्न काढायचा आणि पाळीपाळीने एकेका घरातून बाहेर सोडायचा.

काम चोख झालं, पण नातेवाईक ते नातेवाईकच. मावशीने धूळ बसते म्हणून डबी स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि बिचारी आत तापून बंद पडली. मामाने इस्त्रीसाठी तिचा प्लग काढला आणि दोन दिवस परत लावायला विसरला. वायरताईने कुणाला एक शब्द ऐकवला नाही. जे घर उत्तर देत नाही त्याला रांगेतून बाजूला करायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा हाक मारून बघायची, असं तिने प्रोग्रॅममध्ये घातलं. नातेवाइकांशी वागायची हीच रीत आहे, फक्त ती प्रोग्रॅममध्ये लिहायचं आधी कुणाला सुचलं नव्हतं.

राहिलं माहेर. खरी गरज तिथल्याच दाराची होती. वडिलांना सगळं गाव मास्तर म्हणतं. शाळेत ते मान वर न करता हजेरी घ्यायचे आणि कुणी दुसऱ्याच्या नावाला ओ दिली की नुसत्या आवाजावरून पकडायचे. ती पोरांची 'प्रॉक्सी' म्हणजे मास्तरांचा जन्माचा वैरी. एकदा सर्दीने घरी राहिलेल्या मैत्रिणीच्या नावाला वायरताई 'हजर' म्हणाली, तर त्यांनी पोटच्या पोरीला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. रात्री जेवताना मात्र तिच्या ताटात जास्त वाढलं.

आणि ही बाई डबी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, राउटरला एक प्रॉक्सी लावायची आहे."

मास्तरांनी चष्मा काढला. "काय लावायचंय?"

"प्रॉक्सी."

"माझ्या घरात?"

आईने तिला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, नाव बदलून सांग ना. यंत्र म्हण, डबी म्हण. त्यांना काय कळणार आहे?"

"नको. फसवून लावलेलं मला लाभायचं नाही," वायरताई म्हणाली आणि बाहेर येऊन वडिलांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं.

मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे दुकानाला वाटणार, वेगवेगळी माणसं विचारताहेत?"

"हो."

"आणि विचारणारी तू एकटी?"

"हो."

"मग ही प्रॉक्सीच झाली की."

कोपऱ्यात धाकटी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "भांडून घ्या दोघं. फक्त लवकर उरका, शेवटची पट्टी फोडलीय मी."

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग म्हणाले, "दुसऱ्यासाठी कुणी बोललं तर मला कधीच राग नव्हता. राग नाव लपवण्याचा होता. नाव सांगून विचारता येत नाही का?"

येत होतं. साइटला जाणाऱ्या प्रत्येक प्रश्नासोबत विचारणारा कोण हे सांगणारी एक ओळ जाते. बहुतेक लोक तिथे थाप मारतात, वायरताईनेही मारली होती. खरं नाव घातलं तर साइटवाले त्या नावावरून सगळी दारं एकदमच बंद करू शकत होते, माहेरचंही. हे तिने वडिलांपासून लपवलं नाही.

"नको म्हणाले तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर बंद करीन. पण नको म्हणणार नाहीत. माझ्या हाताला यश आहे."

तिथेच बसून, फोनवरून घरच्या लॅपटॉपमध्ये शिरून, तिने ओळ बदलली: स्वतःचं नाव, फोन नंबर, 'बहिणीचं औषध शोधते आहे, त्रास होत असेल तर कळवा.' घाईत न वाचलेले साइटचे नियम आता नीट वाचले. दोन प्रश्नांमध्ये किती थांबायचं ते त्यात दिलेलं होतं. ती त्याच्या दुप्पट थांबायला तयार झाली, कारण आता तिच्याकडे चार दारं होती. डबी मास्तरांनी स्वतःच्या हाताने राउटरला जोडली.

नंतरचे दिवस वाईट गेले. पट्टीतले फुगे एकेक करून रिकामे होत होते आणि वायरताई दुकानात मालाच्या याद्या चुकवत होती. कुठलंच दार बंद झालं नव्हतं, पण गोळीही कुठे दिसत नव्हती.

मग एका दुपारी फोन वाजला. उत्तर माहेरच्या दारातून आलं होतं. मास्तरांच्या घरामागच्याच रस्त्यावरच्या शाखेत गोळी आली होती. तिने घरी कळवलं तेव्हा मास्तर नुकते आडवे झाले होते. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घालून ते तसेच निघाले, सदऱ्याची वरची बटणं उघडीच.

तासाभराने त्यांचा फोन आला.

"मिळाल्या," ते म्हणाले. "बऱ्याच मिळाल्या." वायरताई गोदामात पोत्यावर खाली बसली. "पण एक गोष्ट झाली," पलीकडून मास्तर म्हणाले.

"बाबा, काय झालं?"

"गर्दी होती. चिठ्ठ्या घेऊन ते एकेकाचं नाव पुकारत होते. धाकटीचं नाव पुकारलं, आणि माझ्या तोंडून 'हजर' निघून गेलं."

वायरताईला हसू आवरेना, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. "म्हणजे प्रॉक्सी मारलीत."

"मारली," मास्तर म्हणाले. "पण लगेच माझं नाव सांगितलं."