सूर्य बुडाल्यावरचं पत्रक

यंदा अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी, साडेसातच्या सुमारास, आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या मावशींवर अन्याय झाला. सणाचं दळण, डब्यांची रांग पायरीपर्यंत, आणि व्होल्टेज पडलं. मोटार नुसती घुमत राहिली, मग जळका वास आला. लोकांनी डबे उचलले आणि दुसरी गिरणी गाठली.

वीज कंपनीला शिव्या घालायला माझी जीभ शिवशिवत होती. पण त्या वेळी आमच्याच घरात दोन एसी चालू होते, वॉशिंग मशीन फिरत होतं आणि माझी स्कूटर चार्जिंगला लावलेली होती.

छतावर सोलर आहे आमच्या. 'घरावर सोलर बसवा, लाइनवरचा ताण हलका करा' हे पत्रक मीच लिहिलं, नाशिक रोडच्या कॉलन्यांतून दारोदार वाटलं. पॅनल आले, बिलं शून्यावर आली आणि घराघरांत दुसरा एसी आला. आमच्याकडे सगळ्यांत आधी. बाबा म्हणाले, "दिवसा आपण वीज देतो ना? मग रात्री हक्काने वापरायची." मी मान डोलावली. ऊन गेलं की आमचं छत म्हणजे नुसती काच आणि गल्लीचा सगळा भार त्या एका ट्रान्सफॉर्मरवर, हे मला काय माहीत नव्हतं?

सणाच्या सकाळी मी मावशींकडे गेले. मोटार दुरुस्तीला गेलेली. मूळच्या सायखेड्याच्या मावशी रिकाम्या गिरणीत छिन्नीने दगडाला टाकी लावत, त्याचे झिजलेले दात पुन्हा उठवत बसल्या होत्या.

"ये गं सोलरबाई. तुमचं बरंय, तुमचा सूर्य काय जळत नाय."

"मावशी, काल आमचे दोन एसी चालू होते."

"आन् ती गाडी?"

"तीही."

त्यांनी छिन्नी भिंतीकडे रोखली. तिथं माझं पत्रक होतं, पिठानं पांढरं झालेलं. त्यांनीच हौसेनं चिकटवलेलं.

"सूर्य बुडाल्यावर काय करायचं, ते लिहायला शाई संपली व्हती का?"

"फाडून टाकू?" मी पत्रकाचं टोक धरलं.

"फाडू नको. पुरं कर."

तर पुरं करते. छतावर पॅनल असतील तर कपडे, पंप, गाडीचं चार्जिंग दुपारच्या उन्हात उरका. शून्य बिल मला दाखवू नका. सात वाजून गेले असतील तर आधी उठा आणि तो दुसरा एसी बंद करा. तुमच्याही गल्लीत कुणाचं तरी दळण चालू आहे.