पंचवीस नंबर

परवा बटण लावताना दोऱ्याच्या रिळावरचा नंबर वाचला आणि भांडुपची आमची गच्ची आठवली.

सूतगिरणी बंद पडून काम सुटल्यापासून बाबा बोलेनासे झाले होते. एका संध्याकाळी लाईट गेली, तशी कॉलेजातून मागून आणलेल्या दुर्बिणीतून कृत्तिका दाखवायला मी त्यांना वर नेलं. लाईट कधीही येईल या धास्तीनं मी घाईघाईनं दुर्बीण रोखली. सोबत सहा आणि पंचवीस नंबरचे दोन आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, होती; सहाचा लावला, तर एकच तारा दिसला.

"पंचवीसचा लाव गं," बाबा म्हणाले. "नंबर वाढला की सूत बारीक."

आयपीसचं तसं नसतं, नंबर वाढला की उलट कमी मोठं दिसतं, पण जास्त आकाश मावतं; तरी लावला. अख्खा पुंजका त्यात मावला.

लाईट आली, तारे फिकटले. बाबांनी भिंगावरचा डोळा काढला नाही. तेव्हा वाटलं, रमलेत. आता वाटतं, त्यांना खाली घरात यायची भीती वाटत होती.