काळ्या पट्टीपाशी कोण बसणार

जालना स्टेशनवर सकाळी उतरले तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची बॅग होती आणि दुसऱ्या हातात अर्धा माणूस. बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालू करायचं, ते शिकवायचा हा रबरी पुतळा. त्याला कमरेखाली काही नाही आणि डोकं पोत्यातून बाहेर आलेलं. समोरच्या बाकावरच्या बाई सगळ्या प्रवासात त्याच्याकडे बघून पदर सावरत होत्या. उतरताना त्यांनी हळूच विचारलं, "ह्यांचं तिकीट काढलं का?" मी नुसती मान हलवली आणि पुढे झाले.

मी पुण्याच्या एका संस्थेत काम करते. मोठा अपघात झाला, पूर आला, आग लागली, तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत गावानं काय करायचं, ते आम्ही गावांना शिकवतो. त्यासाठी एक परदेशी देणगीदार अनुदान देतो, आणि अनुदान म्हटलं की फॉर्म आले. हे फॉर्म मीच तयार केले आहेत, ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्या नावानं बरीच बोटं मोडणार आहे.

तीन दिवसांत तीन गावांचे सराव बघायचे होते. ऑफिसनं दौरा आखला तो अक्षरांच्या क्रमानं: केदारखेडा, तीर्थपुरी, मंठा. एक जालन्याच्या उत्तरेला, एक दक्षिणेला, एक पूर्वेला. नकाशा उघडायची तसदी कुणी घेतली नव्हती. गाडी चालवणारे शेख चाचा कागद बघून म्हणाले, "मॅडम, ह्यो रस्ता बनवणारा जालन्याला कधी आल्ता का?"

केदारखेड्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना काळी रानं, मधे मोसंबीच्या बागा. गावात पोचलो तर सराव करायला माणूसच नाही. सगळं गाव लग्नाला. आमचं घडीचं स्ट्रेचर कुठे आहे म्हणून विचारलं, तर तेही लग्नाला गेलेलं. मांडवात जाऊन बघते तो काय, दोन धिप्पाड गडी भाताचं पातेलं त्या स्ट्रेचरवर घालून पंगतीकडे निघालेले. पावलाला पाऊल, एक शीत सांडलं नाही. आमच्या प्रशिक्षणात इतकं चांगलं कुणी उचललं नव्हतं. मी संतापून काही बोलणार, तेवढ्यात नवरीच्या मामांनी मला पाटावर बसवलं. "आधी जेवा. सराव काय, उद्या बी व्हतो." उद्या मी तीर्थपुरीला असणार होते. जेवले आणि निघाले.

तीर्थपुरीत माणसं होती, पण तिथे पट्ट्यांनी घात केला. अपघातात सगळ्यांना एकदम उचलता येत नाही, म्हणून जखमींच्या मनगटाला पट्टी बांधतात. जो जगू शकतो पण लगेच उचलायला हवा, त्याला लाल. थांबू शकतो त्याला पिवळी. चालू शकतो त्याला हिरवी. मेला असेल त्याला काळी. हे सांगायला मला अर्धा तास लागला आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून एकच गोष्ट घेतली, ती म्हणजे लाल पट्टीवाला ॲम्ब्युलन्समधे पहिला बसतो. सगळ्यांना लाल हवी. काळी पट्टी हातात धरून मी मैदानभर फिरले, कुणी मनगट पुढे करेना. "आमच्या घरी लग्नाचं, चांगल्याचं काम हाये, मॅडम. आमाला नको ते." शेवटी सराव झाला, पण त्यात एकही मेला नाही, आणि काळी पट्टी एकाला तरी बांधलीच पाहिजे, या माझ्याच नियमानं तो नापास झाला.

दुपारी एका घरी भाकरी आणि येसराची आमटी मिळाली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ, ते उकळत्या पाण्यात घालून करतात. चव अशी की वैतागलेला माणूसही दुसऱ्यांदा वाटी पुढे करतो. मी तिसऱ्यांदा केली.

तिसऱ्या दिवशी मंठ्याहून आत एका गावात गेलो. आता या गावाचं नाव सांगत नाही, कारण इथे एका बाईची नोकरी पणाला लागली होती. वंदना सिस्टर इथल्याच. आमच्या अनुदानातून अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेल्या. या गावाचे आधीचे दोन सराव नापास झाले होते, तेही काळ्या पट्टीपायीच. तिसराही नापास झाला, तर आम्ही गाव सोडणार आणि त्यांची जागा रद्द होणार. सही माझी.

"दोनदा केलं मी, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "कोणीच मरायला तयार न्हाई. आज मात्र खरात गुरुजी मरून राह्यले."

खरात गुरुजी निवृत्त शिक्षक. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन. मला म्हणाले, "आमच्या घरानं शकुन-अपशकुन छप्पन सालीच, दीक्षा घेतली तेव्हाच सोडले. बांधा पट्टी." त्यांच्या बायकोला मात्र हे पसंत नव्हतं. "सोडले असतील शकुन, पर माझ्यासमोर मरायचं न्हाई," म्हणून त्या सराव संपेपर्यंत घरी निघून गेल्या.

मजुरांचा टेम्पो उलटला, असं धरायचं होतं. शाळेच्या मैदानात आठ जण आडवे पडले. शिट्टी वाजली. सिस्टरांनी पटापट पट्ट्या बांधल्या आणि गुरुजींना कडुलिंबाखाली सतरंजीवर ठेवलं. आमचा नियम असा, की मृताजवळ कुणीही थांबायचं नाही, सगळे हात लाल पट्टीकडे लावायचे. दोन मिनिटांत बघते तर सगळं गाव लिंबाखाली. कुणी गुरुजींना वारा घालतंय, कुणी पायाशी बसलंय. आणि तिकडे उन्हात लाल पट्टीवाला एकटाच पडून ओरडतोय, "अरे, मी लाल हाये! मला उचला की कोणी!"

माझा तोल गेला. मी लिंबाखाली धावले. गुरुजींच्या उशाशी कौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई मांडी घालून बसल्या होत्या. मी म्हटलं, "उठा आजी! इथे कुणी बसायचं नाही."

"मढ्याला एकटं ठेवत न्हाईत, बाई."

"अहो, ते मेलेले नाहीत. ते गुरुजी आहेत!"

"मंग गुरुजीला तर बिलकुलच न्हाई ठेवणार."

गुरुजींनी डोळे उघडले. "मॅडम, नियम तुमचा बराबर हाये, पण..."

"तुम्ही बोलू नका, तुम्ही मेलाय," मी ओरडले. सगळं मैदान हसलं. मला रडू येईल असं वाटलं.

सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. मागे एकदा गावाच्या वळणावर खरंच टेम्पो उलटला होता. "तवा मी दोघांना काळ्यात टाकलं अन् पुढं पळाले. समदं गाव त्या दोघांपाशी जाऊन बसलं. ज्यांना जल्दी उचलायचं, ते तसेच पडून राह्यले. त्यातल्या एकाचा पाय गेला, मॅडम. आज एकदा माझ्या पद्धतीनं करू द्या."

मी हो म्हटलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. सिस्टर मैदानात उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "कौसाकाकू, गुरुजीपाशी तुम्ही बसा. काकू हायेत तिथं. बाकी समदे स्ट्रेचर धरा."

शिट्टी वाजली. कौसाबाईंनी आपल्या पदरानं गुरुजींचे पाय झाकले आणि बसून राहिल्या. लोकांनी येता-जाता एकदा तिकडे नजर टाकली, काकू बसल्यात हे बघितलं, आणि लाल पट्टीकडे धावले. ठरलेल्या वेळेच्या आधी सगळे जखमी उचलून झाले होते. असा नेटका सराव मी या कार्यक्रमात पाहिला नव्हता.

आणि माझ्या हातातल्या फॉर्मवर ओळ होती: 'मृतांजवळ कोणीही थांबलेले नाही. हो / नाही.' 'नाही' लिहिलं की सराव नापास. ही ओळ मी पंख्याखाली बसून, चहा पिता पिता लिहिली होती. तेव्हा ती फार शहाणपणाची वाटली होती.

सिस्टरांनी ती वाचली. "मॅडम, 'हो' लिहा ना. फॉर्मला लावायच्या फोटोतून काकूला कापून टाकू. माझी लेकरं मंठ्याला शिकून राह्यलीत. ही जागा गेली तर मी कुठं जाऊ?"

खरं सांगते, 'हो' लिहायचा मोह मला झाला. एका अक्षराचं काम होतं. पण 'हो' लिहिलं असतं तर नियम तसाच राहिला असता, आणि पुढचा टेम्पो उलटेल तेव्हा पुन्हा सगळं गाव लिंबाखाली. मी 'नाही' लिहिलं. मग मागच्या कोऱ्या बाजूवर जे घडलं ते सगळं लिहिलं, आणि चूक गावाची नाही, माझ्या नियमाची आहे, तो बदला, असं लिहून सही केली. सिस्टरांनी चहा आणून दिला. पण गाडीपर्यंत सोडायला आल्या नाहीत. मला स्वतःचा, फॉर्मचा आणि मांडीवरच्या त्या पुतळ्याचा भयंकर राग येत होता.

पुण्यात साहेब म्हणाले, "देणगीदाराला फॉर्म हवा असतो, निबंध नाही." तरी त्यांनी तो पाठवला. महिनाभर मी सिस्टरांचा फोन नंबर काढायची आणि न लावता ठेवून द्यायची. आम्ही गावांना शिकवायला जातो, आणि गावाला काय येतं ते विचारायला फॉर्मवर जागाच ठेवत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. लाज वाटत होती.

मग देणगीदाराचं पत्र आलं. नियम बदलायला मान्यता. सिस्टरांची जागा कायम राहणार. मात्र एक अट होती. मृताजवळ बसणारी व्यक्ती प्रशिक्षित हवी. त्यासाठी दोन तासांचा अभ्यासक्रम तयार करावा, आधी आणि नंतर परीक्षा घ्यावी. मी पत्र टेबलावर आपटलं आणि सिस्टरांना फोन लावला. जागा राहिल्याचं ऐकून त्यांनी ते शेजारी बसलेल्या कौसाबाईंना ओरडून सांगितलं. मग अट ऐकली आणि इतक्या हसल्या की फोन कौसाबाईंच्याच हातात दिला.

"आजी," मी विचारलं, "मेलेल्यापाशी कसं बसायचं, ते लोकांना शिकवायचंय. काय शिकवू?"

"त्यात काय शिकवायचं, बाई? बसायचं. न्यायला येईस्तोवर उठायचं न्हाई."

अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर मी तेवढंच लिहिलं आहे. दुसऱ्या पानावर काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.