साहेबांचा संघ पहिला

आमच्या वरच्या मजल्यावरचे दत्तात्रय आगाशे जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइम गावच्या ऑफिसात नवे होते. जेवणाच्या टेबलावर त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नसे. मार्चमध्ये अमेरिकन साहेबांनी टूम काढली. तिकडचा बेसबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आधी एका गटातले संघ कुठल्या क्रमाने येतील, ते प्रत्येकाने सांगायचं. आगाश्यांना बेसबॉल कशाशी खातात तेही माहीत नव्हतं. त्यांनी साहेबांच्या गावचा संघ तेवढा विचारून घेतला आणि मानाने पहिला सांगितला. सगळे हसले.

"चेष्टा करताय माझी?" साहेब म्हणाले. "मी स्वतः त्यांना शेवटचा नंबर दिलाय."

घरी आल्यावर आगाश्यांनी हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या पत्नी मालिनीताई म्हणाल्या, "अहो, मग उद्या शेवटचा सांगा."

"आणि त्याचाही राग आला तर? आपल्या संघाला नावं फक्त त्यांनीच ठेवायची असतील."



शेवटी अंदाज तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी जेवताना साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "खरं सांगा, जिंकू आम्ही?"

"गेनाऊ," आगाशे म्हणाले. 'अगदी बरोबर' म्हणायला ऑफिसात सगळे हाच जर्मन शब्द वापरत.