कुशाबा डेंटरचे कान

आळेफाट्याला कुशाबा डेंटर आणि मी शेजारी शेजारी. तो गाड्यांचा पत्रा ठोकायचा, मी त्यावर रंग मारायचो. त्याची हातोडी माझ्या डोक्यात इतकी वर्षं वाजली, की सुट्टीच्या दिवशी मला घरी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. माणूस तिरसट. गंजावर नुसती पुट्टी थापून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो सरळ वाट दाखवायचा. "मढ्याला पावडर लावायची आसंल तर दुसरीकडं जावा," म्हणायचा. गिऱ्हाइकं चिडायची आणि परत त्याच्याकडेच यायची.

गंजाची त्याची परीक्षा कानाची. रंगाखालचा पत्रा डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो छोट्या हातोडीनं टकटक करत जायचा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे खडूची रेघ, आणि रेघेवर काप.

अठ्ठ्याण्णव साली घोडेगावच्या फतेचंद शेठनी वडिलांची जुनी फियाट त्याच्याकडे आणली. वडील जाऊन वर्षं झाली होती, पण गाडी विकायचं नाव शेठ काढत नव्हते. "सडलाय तेवढाच काप, कुशाबा. वडिलांच्या हातचा पत्रा राहील तेवढा राहू दे."

डेंटिंग उरकून गाडी माझ्याकडे आली. पॉलिश पेपर मारता मारता दाराखालच्या पट्टीतून माझा अंगठा आरपार गेला. आत नुसता भुगा. मी कुशाबाला हाक मारली, मग शिवी हासडली. तो पाठमोरा काम करतच राहिला. जाऊन खांदा हलवला तेव्हा दचकला. भोक बघितलं, भोवती हातोडी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"पेंटर, मला दोनी आवाज सारखंच येत्यात," तो म्हणाला. "लई दिस झालं."

जन्मभर पत्रा ठोकून कान गेले होते आणि पठ्ठ्यानं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. डेंटर बहिरा झाला म्हटल्यावर फाट्यावर त्याच्याकडे गाडी टाकणार कोण? मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो डिंगोऱ्याच्या घरून बायकोला घेऊन आला. सारजाबाई गॅरेजात कधी पाऊल न टाकणारी. पण बाजारात मडकं वाजवून घेण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पदर कानामागे खोचून ती गाडीपाशी उकिडवी बसली. तो वाजवायचा, ती ऐकायची आणि स्वतःच खडू ओढायची.

तेवढ्यात शेठ आले. "काय कुशाबा, वैनींना कामाला लावलं का?" कुशाबाची त्यांच्याकडे पाठ होती. तो पत्रा वाजवतच राहिला. शेठनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. सारजाबाईचा हात थांबला. काहीतरी थाप मारायला मी तोंड उघडलं, पण तीच बोलली.

"त्यास्नी ऐकू येत न्हाई, शेठ. हात त्यांचं, कान माजं."

मला वाटलं, आता शेठ गाडी ओढून नेतात. पण ते पांढऱ्या लेंग्यासकट तिच्याशेजारी मातीत बसले. "वैनी, वडील बसायचे त्या बाजूचं दार बघता?"

तिनं नवऱ्याला खूण केली. त्याने दार वरपासून खालपर्यंत वाजवलं. "पक्कं हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तसंच." शेठनी डोळे पुसले आणि ते उठले. गाडी कुशाबाकडेच राहिली.

संध्याकाळी मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "आता कशाची काळजी, राव! घरचाच कान मिळाला."

सारजाबाई हात धूत त्याच्याशी काहीतरी बोलत होती, हसतही होती. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"पत्र्याचं ती सांगंल, पेंटर," तो म्हणाला. "ती काय बोलती ते मला कोण सांगंल?"