वरच्या फळीवरची साडी

नव्या साडीची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि मला धुळ्याच्या वृद्धाश्रमातली ती सकाळ आठवते. मी तिथे फिजिओथेरपिस्ट होते. कापडाच्या दुकानात जन्म काढलेल्या एका मारवाडी नानांचा हात लकव्यानंतर खांद्याच्या वर जात नव्हता, आणि व्यायाम म्हटला की ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. शेवटी मी घरच्या कोऱ्या साड्या आणून हॉलमधल्या कपाटाच्या फळ्यांवर रचल्या आणि आश्रमातल्याच, शिंदखेड्याकडच्या एका अक्कांना गिऱ्हाईक म्हणून बसवलं. गिऱ्हाईक दिसताच नाना उठले आणि त्यांनी पहिली साडी झोकात उलगडली. "हाई नको भाऊ, ती वरनी दखाडा," अक्का म्हणाल्या. नानांचा हात वर गेला. मग त्याहून वरची, मग पार टोकाची. खांदा दुखत असणार, पण नाना म्हणत होते, "हा रंग खुलेल तुम्हाला!" सगळा ढीग पाहून अक्का म्हणाल्या, "पहिलीच बरी व्हती." अख्खा हॉल हसला. "अक्का, फार चोखंदळ हो तुम्ही," मी नंतर म्हटलं. त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, "मले कोठे साडी लेनी व्हती? त्यास्ना हात वर जाई राहिंता ना!" आता माझा स्वतःचा दवाखाना आहे, त्यात पुली आहे, वजनं आहेत, असं गिऱ्हाईक मात्र मी अजून शोधतेय.